कॅमेऱ्याची किंमत आणि कॅमेऱ्याचें मोल

जर्मनींतील वेट्झलर या लहानशा शहरांत जून २०२२ मध्यें एका जुन्या कॅमेऱ्याचा लिलांव झाला. कॅमेरा १९२३ सालचा, कोटाच्या खिशांत मावेल एवढा, आणि त्यावर ‘ऑस्कर बार्नाक’ हें नांव कोरलेलें. वीस ते तीस लक्ष युरो येतील असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत लिलांवगृहाची दलाली धरून १ कोटि ४४ लक्ष युरो आले. आपल्या हिशोबानें ही रक्कम शंभर कोटि रुपयांहून अधिक भरते. तोंपर्यंत जगांतील कोणत्याहि कॅमेऱ्यास लिलांवांत एवढी किंमत आलेली नव्हती.

आतां छायाचित्र घेण्याचें साधन म्हणून पाहिलें तर शाळकरी मुलाच्या हातांतील मोबाइलहि अंधुक उजेडांत या यंत्रापेक्षां अधिक स्वच्छ चित्र देतो. मग एवढें द्रव्य ओतलें गेलें तें कशासाठीं? ‘हौसेला मोल नाहीं’ ही म्हण सांगून हा प्रश्न झटकून टाकतां येईल. परंतु हौस आपोआप उगवत नाहीं. ती पेरावी लागते, तिला खतपाणी घालावें लागतें, आणि हें काम करणारे कुशल व्यापारी असतात. धनिकांच्या व हौशी लोकांच्या मनांत कॅमेऱ्याची हांव कशी निर्माण झाली, याचा इतिहास जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. आणि त्या इतिहासांत मुंबईचा व महाराष्ट्राचा वांटा वरवर दिसतो त्याहून मोठा आहे.

१८३९ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें डागेर याच्या छायाचित्रणकृतीचें रहस्य जाहीर करण्यांत आलें. त्याच सालीं आल्फोन्स जिरू या व्यापाऱ्यानें डागेरच्या संमतीनें कॅमेरे तयार करून विकावयास काढले. किंमत ४०० फ्रँक. प्रत्येक पेटीवर एक पट्टी बसविलेली असे. तिजवर अनुक्रमांक, जिरूची मुद्रा आणि डागेरची सही असे. आणि ही सही व मुद्रा नसेल तर यंत्राची हमी नाहीं, असा इशाराहि त्याच पट्टीवर छापलेला असे. म्हणजे बाजारांत आलेला पहिलाच कॅमेरा क्रमांकित आणि स्वाक्षरीयुक्त होता. आज ज्यांस ‘मर्यादित आवृत्ति’ म्हणतात, त्या कॅमेऱ्यांचीं बाह्य लक्षणें त्यांत पूर्णपणें आढळतात. हेतु मात्र निराळा होता. जिरूला नकली मालापासून गिऱ्हाइकाचें रक्षण करावयाचें होतें. गिऱ्हाइकाला शेजाऱ्यापेक्षां वरचढ ठरवावयाचें नव्हतें. याच जातीचा एक कॅमेरा २०१० सालीं व्हिएन्ना येथें ७ लक्ष ३२ हजार युरोंस विकला गेला, तेव्हां तीच पट्टी त्याचा मुख्य अलंकार ठरली. खरेपणाची खूण कालांतरानें प्रतिष्ठेची खूण होते, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

हें नवल हिंदुस्थानांत यावयास फार वेळ लागला नाहीं. जानेवारी १८४० मध्यें कलकत्त्याच्या थॅकर कंपनीनें डागेरच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांची जाहिरात वृत्तपत्रांत दिली. त्या काळीं टपाल व माल जहाजानें येत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पांच महिन्यांच्या आंत घडलेल्या या गोष्टीचें महत्त्व कळतें. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बाँबे स्थापन झाली. बंगाल व मद्रास येथील संस्था यानंतर, म्हणजे १८५६ सालीं निघाल्या. मुंबईच्या संस्थेंत लष्करी व मुलकी अधिकारी, डॉक्टर व व्यापारी असे लोक होते. आणि अभिमानाची गोष्ट ही कीं, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेहि तिचे सभासद होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यांतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यवसायी छायाचित्रकार तयार झाले. १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन व हेंडरसन यांनीं हौशी छायाचित्रकारांसाठीं एक चित्रसंग्रह मासिकरूपानें काढला. त्याच्या प्रत्येक अंकांत छापील चित्रें नसत, तर खरींखुरीं छायाचित्रें चिकटविलेलीं असत.

हा छंद त्या काळीं धनिकांचाच असणें अपरिहार्य होतें. १८५१ सालीं निघालेल्या ओल्या कांचेच्या पद्धतींत छायाचित्र घेण्याच्या क्षणापूर्वीं कांचेवर रासायनिक थर द्यावा लागे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी लागे, आणि थर वाळण्याच्या आंत चित्र घेऊन तें तेथल्या तेथें धुवावें लागे. त्यासाठीं काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि सामान वाहणारीं माणसें बरोबर न्यावीं लागत. आपल्याकडील उन्हाळ्यांत थरांतील ईथर झपाट्यानें उडून जाई आणि कांच हातांतच निकामी होई. अशा स्थितींत कॅमेरा दुर्मिळ होता तो कोणी त्यास दुर्मिळ ठेवूं इच्छित होता म्हणून नव्हे. परिस्थितीनेंच त्यास तसें केलें होतें. या विषयाचें मर्म या एका भेदांत आहे. एक दुर्मिळता परिस्थितीनें येते. दुसरी योजून आणली जाते. पुढील शंभर वर्षांत पहिलीची जागा दुसरीनें कशी घेतली, हें पाहण्यासारखें आहे.

मधला दुवा सागवानाच्या कॅमेऱ्यांचा होय. विलायतेंत बनलेले कॅमेरे मुंबईच्या पावसाळ्यांत टिकत नसत. दमट हवेनें लांकूड फुगे, सांधे जोडणारा सरस सुटे, चामड्याच्या आवरणाखालीं बुरशी धरे, आणि भात्याची शिवण कसर व झुरळें खाऊन टाकीत. यावर उपाय म्हणून सँडर्सन, थॉर्नटन-पिकार्ड, मॅरियन इत्यादि इंग्रज कारखानदारांनीं ‘ट्रॉपिकल’ म्हणजे उष्ण प्रदेशासाठीं निराळे कॅमेरे बनविले. पेटी सागवानाची, सांध्यांना स्क्रू व पितळी पट्ट्या, चामड्याचें आवरण काढून टाकून लांकूड उघडें ठेवलेलें व त्यास तकतकीत झिलई, आणि भाता कीड लागूं नये अशा तांबूस चामड्याचा. प्रत्येक फरकामागें कांहींतरी कारण होतें. परंतु हीं सर्व कारणें एकत्र आल्यावर जी वस्तु तयार झाली, ती विलक्षण देखणी होती. अर्थात् किंमतहि साध्या नमुन्यापेक्षां जास्त होती. बंगल्यांतील साहेब आणि संस्थानिक यांच्या हातांत ती शोभून दिसे. आज हेच कॅमेरे संग्राहक शोधीत फिरतात, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्या कपाटांतील सौंदर्य कोंकणच्या व मलबारच्या पावसानें घडविलें आहे, याची जाणीवहि नसेल. गरजेंतून जन्मलेलें रूप पुढें निव्वळ शोभा म्हणून विकलें जातें, हा या व्यापाराचा दुसरा धडा.

इतक्यांत अमेरिकेंत मोठी उलथापालथ झाली. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें २५ डॉलरांचा कोडॅक विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. १९०० सालीं त्याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा आला. किंमत अवघा एक डॉलर! बारा वर्षांच्या मुलालाहि आतां छायाचित्रकार होतां येऊं लागलें. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनें हें वरदान होतें. परंतु श्रीमंतांपुढें यानें एक नवीच अडचण उभी केली. जी वस्तु सर्वांच्या हातीं आली, ती बाळगण्यांत मोठेपण तें कोणतें? ही अडचण व्यापाऱ्यांनीं अचूक ओळखली. पण त्यांनीं तिच्यावर काय तोड काढली हें सांगण्यापूर्वीं, याच वर्षांत मुंबईंत कॅमेरा विकत घेणाऱ्या एका वेगळ्याच जातीच्या माणसांकडे वळणें इष्ट आहे.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे ‘सावेदादा’, यांनीं विलायतेहून २१ गिनींचा चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. सावेदादा स्वतः छायाचित्रणाचा धंदा करीत व त्याचें साहित्यहि विकीत. पंधरा रुपयांचा एक पौंड या त्या काळच्या दरानें ही रक्कम सुमारें ३३० रुपये होते. या कॅमेऱ्यानें त्यांनीं १८९९ सालीं मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्यें झालेली एक कुस्ती टिपली. पुढें १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तो स्वागताचा प्रसंगहि त्यांनीं चित्रित केला. कॅमेरा महाग होता, दुर्मिळहि होता. परंतु तो घेतांना सावेदादांच्या मनांत तो कपाटांत ठेवण्याचा विचार क्षणभरहि आला नसेल.

दादासाहेब फाळके यांची हकीकत तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक असावी. जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेल्या या माणसानें चाळिशी उलटल्यावर चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनीं कर्ज उभारलें आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें विलायत गांठली. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत त्यांनीं काम पाहिलें, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र खरेदी केलें, आणि दोन महिन्यांत ते परत आले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं काळोख्या खोलींत बसून कच्च्या फिल्मला भोकें पाडण्याचें कंटाळवाणें काम अंगावर घेतलें. आणि पैसा अपुरा पडूं लागतांच आपले दागिने पुढें केले. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविण्यांत आला. सोनें आणि कॅमेरा यांची गांठ येथें पडली खरी. परंतु कॅमेऱ्याला सोन्याचा मुलामा देण्यासाठीं ती नव्हती. कॅमेरा चालावा म्हणून अंगावरचें सोनें उतरविण्यासाठीं होती. पुढील मजकूर वाचतांना ही एक गोष्ट वाचकांनीं मनांत जागती ठेवावी.

कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं याच्याहि पुढची पायरी गांठली. त्यांनीं व त्यांचे मावसबंधु आनंदराव यांनीं स्वतःच कॅमेरा बनविण्याचा घाट घातला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरीहि बाबूरावांनीं हें काम सोडलें नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट १९२० सालीं पुण्यास लोकांपुढें आला, आणि लोकमान्य टिळकांनीं त्यांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. जगांत एकच प्रत असलेला हा कॅमेरा होता. त्यावर क्रमांक घालण्याची गरज कोणास वाटली नाहीं.

आतां पुन्हां व्यापाऱ्यांकडे वळूं. बार्नाक हा वेट्झलर येथील लाइट्झ या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांतला कारागीर. दम्याच्या विकारामुळें जड कॅमेरे वाहून नेणें त्यास अवघड जाई. म्हणून चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा त्यानें पहिल्या महायुद्धापूर्वींच तयार केला. १९२३ सालीं परीक्षेपुरते वीसपंचवीस नमुने निघाले. लिलांवांत विकला गेलेला कॅमेरा त्यांतलाच. १९२४ सालीं कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनीं सहकाऱ्यांचे आक्षेप ऐकून घेऊनहि उत्पादनाचा धोका पत्करला, आणि १९२५ च्या लाइपझिग येथील जत्रेंत ‘लायका’ लोकांपुढें आला. वार्ताहर, प्रवासी व गिर्यारोहक यांनीं त्यास डोक्यावर घेतलें.

आणि लगेच चार वर्षांनीं, १९२९ सालीं, त्याच लायकाची ‘लुक्सुस’ नांवाची आवृत्ति निघाली. धातूच्या भागांवर सोन्याचा मुलामा, अंगावर सरड्याच्या जातीच्या प्राण्याचें रंगीत कातडें, आणि ठेवावयास तशीच डौलदार पेटी. असे नग सुमारें ९५ च निघाले. आंतील यंत्र, भिंग व पडदा साध्या लायकाप्रमाणेंच. चित्राच्या दृष्टीनें तिळमात्र फरक नाहीं. त्याच सुमारास, १९२८ सालीं, अमेरिकेंत वॉल्टर डॉर्विन टीग या आरेखकानें कोडॅक कंपनीसाठीं ‘व्हॅनिटी’ नांवाचे पांच रंगांचे कॅमेरे सजविले. आणि पुढच्या वर्षीं कॅमेरा, आरसा, पावडर व ओठांचा रंग एकाच पेटींत बसविलेला संचहि विक्रीस आला. ब्राउनीनें उभ्या केलेल्या अडचणीवर काढलेली तोड ती हीच. यंत्र तेंच ठेवावयाचें, पोषाख बदलावयाचा, आणि ज्यांना चारचौघांहून निराळें दिसावयाचें आहे त्यांना तो पोषाख विकावयाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर या युक्तीचें शास्त्र बनलें. त्याचे नियम थोडे व सोपे आहेत. पहिला नियम, संख्या आधींच जाहीर करावयाची, म्हणजे उशीर करणारास पश्चात्ताप होईल अशी भीति उत्पन्न होते. दुसरा, प्रत्येक नगावर क्रमांक घालावयाचा. तिसरा, एखादी जयंती किंवा वर्धापन गांठावयाचें. चौथा, दुसऱ्या क्षेत्रांतील मोठें नांव जोडावयाचें. बार्नाकच्या जन्मशताब्दीस, १९७९ सालीं, सोन्याच्या मुलाम्याचे एक हजार लायका निघाले. १९८९ सालीं छायाचित्रणास दीडशें वर्षें पुरीं झालीं, त्या निमित्तानें प्लॅटिनमचा मुलामा दिलेले १,२५० निघाले. ब्रूनेईच्या सुलतानाच्या राज्यारोहणास पंचवीस वर्षें झालीं त्या प्रसंगींहि सोन्याची अशीच एक आवृत्ति काढण्यांत आली. २००३ सालीं एर्मेस या पॅरिसच्या चर्मवस्तूंच्या पेढीचें नांव जोडून ५०० कॅमेरे विकण्यांत आले. २०१४ सालीं तर ६०० नगांची अशी आवृत्ति निघाली कीं, तिच्या डिजिटल कॅमेऱ्यास मागील बाजूचा पडदाच ठेवलेला नव्हता; घेतलेलें चित्र तेथल्या तेथें पाहण्याची सोय काढून टाकली, आणि ती उणीवच वैशिष्ट्य म्हणून विकली. केव्हां केव्हां या हांवेचा सदुपयोगहि होतो, हें नाकारतां येत नाहीं. जॉनी आइव्ह व मार्क न्यूसन या आरेखकांनीं घडविलेला एकच एक लायका नोव्हेंबर २०१३ मध्यें न्यूयॉर्क येथें १८ लक्ष डॉलरांस विकला गेला, आणि ती रक्कम एड्स व तत्सम रोगांच्या निवारणाच्या कार्यास गेली.

तरी प्रत्येक पोषाख खपतोच असें नाहीं. चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्यांमुळें कीर्ति पावलेल्या स्वीडनच्या हासेलब्लाड कंपनीनें २०१२ सालीं ‘लूनर’ नांवाचा कॅमेरा जाहीर केला. लांकडी मुठींनीं नटविलेल्या या कॅमेऱ्याची किंमत पांच हजार युरोंच्या घरांत होती. आंत मात्र सोनी कंपनीचें, बाजारांत याच्या कांहीं अंशानेंच मिळणारें यंत्र होतें. जाणत्या लोकांनीं त्याची इतकी टर उडविली कीं थोड्याच वर्षांत कंपनीस तो मार्ग सोडावा लागला. हौशी माणूस भोळा असतो, पण आंधळा नसतो. साज चढविलेला त्यास चालतो; मोठ्या नांवाखालीं दुसऱ्याचेंच यंत्र विकलेलें चालत नाहीं.

हा सर्व काळ आपल्या देशांत काय चालू होतें? स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी कॅमेरा ही चैनीची वस्तु ठरली. साधा जपानी कॅमेरा मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत आला तर तो परदेशांतून येणाऱ्या काकांच्या अथवा मामांच्या सामानांतून येई, आणि आल्यावर कपाटांत मखमली पिशवींत विराजमान होई. एक फिल्म पुरी व्हावयास सहा महिने लागत. गणपतींत चार चित्रें, मुंजींत सहा, आणि उरलेलीं दिवाळीस. येथेंहि दुर्मिळता कृत्रिमच होती, परंतु ती व्यापाऱ्यानें नव्हे, परवान्यानें निर्माण केलेली. म्हणून फोर्टमधील बोरा बाजारांत जुन्या व नव्या कॅमेऱ्यांची जी पेठ वाढली, तेथें खिशांत पैसे असणें पुरेसें नसे. ओळख आणि धीर हींहि असावीं लागत.

या टंचाईंत सामान्य घराचा आधार झाला तो बडोद्यास न्यू इंडिया इंडस्ट्रीज कंपनीनें बनविलेला ‘ॲग्फा क्लिक ३’. काळी पेटी, एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें, फिरविण्याच्या कळा जवळजवळ नाहींतच. पुढें १९८० नंतरच्या दशकांत फोटोफोन कंपनीचा ‘हॉटशॉट’ आला. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर दारें हळूहळू उघडलीं. तोंवर खाडीपलीकडे सिडकोनें नवी मुंबई वसविण्यास आरंभ केला होता, १९७३ सालीं वाशीचा पूल झाला होता, आणि १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें होतें. गिरगांव-दादरच्या चाळींतून वाशी-नेरूळच्या सदनिकांत राहावयास गेलेल्या कित्येक कुटुंबांच्या ट्रंकेंत तो क्लिक ३ खाडी ओलांडून गेला असेल. आज त्याच वसाहतींतील तरुणास जगांतील कोणत्याहि कारखान्याचा कॅमेरा घरबसल्या मागवितां येतो. परवान्याची दुर्मिळता गेली. आणि तिची रिकामी जागा व्यापाऱ्यानें योजून निर्माण केलेली दुर्मिळता आतां आपल्याकडेहि भरून काढूं पाहत आहे. म्हणूनच हा विषय केवळ परदेशांतील गमतीचा राहिलेला नाहीं.

या व्यापाराची दुसरी बाजूहि न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. २००५ च्या सुमारास लायकाची कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती. डिजिटल युगांत तिचा माल मागें पडला होता. आंद्रेआस काउफमन या उद्योगपतीनें ती ताब्यांत घेऊन सांवरली, आणि २०१४ सालीं तिचा कारखाना पुन्हां वेट्झलर येथें आला. या पुनरुज्जीवनास महागड्या व मर्यादित आवृत्त्यांचाहि हातभार लागला आहे. धनिकाच्या हौसेवर जर कांहीं कारागिरांची चूल पेटत असेल, आणि भिंग घांसण्याची पिढीजात विद्या टिकत असेल, तर त्या हौसेस सरसकट दूषण देणें बरोबर नव्हे. पैठणच्या साळ्यालाहि राजघराण्यांचा आश्रय लागलाच होता. संग्राहकाचेंहि तसेंच. मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत २००३ सालीं झाली. असे छांदिष्ट नसते तर ते कॅमेरे भंगारांत गेले असते.

तथापि एक विसंगति उरतेच. मर्यादित आवृत्तीचा कॅमेरा जो घेतो, त्यास व्यापारी सुचवितो कीं, ही वस्तु पुढें अधिक किंमतीस जाईल. परंतु ती किंमत यावयाची असेल तर कॅमेरा पेटींतून काढतां कामा नये. त्याच्या मुलाम्यावर बोटाचा ठसा उमटला, कातड्यास घाम लागला, कीं भाव उतरला. म्हणजे प्रत्येक छायाचित्रागणिक ज्याची किंमत घटते, असा हा कॅमेरा! लेखणी लिहावयाची नाहीं, सतार वाजवावयाची नाहीं, आणि तरीहि ती आपणापाशीं आहे याचें समाधान मानावयाचें, तसाच हा प्रकार.

आणि येथें वेट्झलरच्या त्या लिलांवाकडे पुन्हां पाहिलें म्हणजे उत्तर हातीं येतें. शंभर कोटींवर गेलेला तो कॅमेरा मखमलीच्या पेटींत जपलेला नव्हता. बार्नाकनें तो वर्षानुवर्षें वापरला, त्यानें आपल्या कुटुंबाचीं चित्रें घेतलीं, आणि वापरतांना ज्या उणिवा दिसल्या त्यांतून पुढचा कॅमेरा सुधारला. नग थोडे होते म्हणून तो दुर्मिळ झाला, हें खरें. परंतु त्याच मालिकेंतील दुसरा एक कॅमेरा २०१८ सालीं व्हिएन्ना येथें २४ लक्ष युरोंस गेला होता. दुर्मिळता दोघांची एकच. मग सहापट अंतर पडलें तें कशानें? एका माणसाच्या हातानें, आणि त्या हातानें केलेल्या कामानें. योजून निर्माण केलेल्या दुर्मिळतेला हें अंतर कधींच तोडतां येणार नाहीं. कारण क्रमांक कारखान्यांत कोरतां येतो, पण आयुष्य कोरतां येत नाहीं.

तेव्हां ज्यास ऐपत व आवड आहे त्यानें सुंदर कॅमेरा अवश्य घ्यावा. मात्र घेतांना आपण कशाचें मूल्य देत आहों, भिंगाचें, सोन्याचें कीं शेजाऱ्याच्या मत्सराचें, एवढें मनाशीं स्पष्ट करून घ्यावें. आणि घेतल्यावर तो वापरावा. ज्यास ऐपत नाहीं, त्यानें खंत करण्याचें कारण नाहीं. सरस्वतीबाईंनीं जे दागिने उतरून दिले त्यांचा भाव कोणत्याहि लिलांवांत लागलेला नाहीं, आणि बाबूरावांच्या कॅमेऱ्यास क्रमांक नव्हता. नवी मुंबईच्या एखाद्या सदनिकेच्या माळ्यावर जो जुना क्लिक ३ पडलेला असेल, त्याला बाजारांत फारसें कोणी विचारणार नाहीं. पण ज्या चौकोनी चित्रांत आजी पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघून हंसलेली आहे, तें चित्र त्यानेंच घेतलेलें असतें. आणि त्या चित्राची दुसरी प्रत काढतां आली, तरी त्या हंसण्याची आवृत्ति एकच असते.